एक मेच्या तिरंगी वड्या

दौंडहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्या मुलाच्या शाळेत १ मेला झेंडावंदन झालं की निकालपत्रकं वाटतात, आणि यंदा त्या दिवसाचा खाऊ आयांनी मिळून करायचा असं ठरलं आहे. पटावर साठ-पासष्ट मुलं. त्या लिहितात, "सगळ्यांच्या मनात तिरंगी बर्फी आहे. खव्याची बर्फी एवढ्या मुलांना परवडायची नाही. आमच्यापैकी कुणाकडे ओव्हनही नाही. घरी करायची तर दुकानात केशरी आणि हिरवा असे दोन खायचे रंग मिळतात. त्यांतला कोणता चांगला आणि किती घालायचा?"

किती घालायचा हे त्यांनी विचारलं, याचं मला फार बरं वाटलं. पुष्कळजणी ते विचारतच नाहीत. चिमटी धरायची, सोडायची, आणि रंग फिका वाटला तर आणखी एक सोडायची, असाच आपला हिशेब असतो. आता कायदा काय म्हणतो पाहा. आपल्या देशात अन्नात घालायला आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. ज्या पदार्थांत ते चालतात, त्यांतल्या बहुतेकांना किलोमागे १०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. १०० मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग! एवढं मोजणारा काटा सोनाराकडे असेल. आपल्या ओट्यावर कुठला असायला? त्यातून डबीतला रंग किती तेज आहे हेही आपल्याला कळत नाही.

ही झाली परवानगीच्या रंगांची गोष्ट. जत्रेत, आठवडे बाजारात सुट्या पुडीत जे मिळतं, त्याचं नाव-गावही ठाऊक नसतं. मेटॅनिल यलो, रोडामाइन-बी, मॅलॅकाइट ग्रीन हे कापड-कागद रंगवायचे रंग खाण्याच्या जिनसांत सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. मुलं ज्याला 'बुढ्ढी के बाल' म्हणतात त्या साखरेच्या कापसात रोडामाइन-बी निघालं, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारनं त्याच्या विक्रीवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानं कापसाच्या मिठाईत आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालण्यावर बंदी आणली. मी स्वतः एका शाळेत पाहिलं आहे, बाहेरून आणलेली तिरंगी बर्फी खाऊन मुलांच्या जिभा दुपारपर्यंत हिरव्यागार होत्या. मुलांना त्याची मोठी गंमत वाटत होती. एकमेकांना दाखवत हिंडत होती. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

तेव्हा भगिनींनो, माझं उत्तर असं की रंगाची डबी आणूच नका. केशरी आणि हिरवा हे दोन्ही रंग मे महिन्यात आपल्या दाराशी असतात.

यात मी काही नवीन शोध लावते आहे असं नाही बरं का. तिरंगी बर्फीचं मूळ बनारसला. स्वातंत्र्याच्या चळवळीत झेंडा हातात धरणंही गुन्हा होता, तेव्हा तिथल्या राम भांडार या मिठाईच्या दुकानात ही बर्फी होऊ लागली. जवाहर लाडू, गांधी गौरव अशी नावं देऊनही तिथे मिठाया विकल्या जात. त्या बर्फीत केशरी थराला केशर, हिरव्याला पिस्ते आणि पांढऱ्याला खवा-काजू. बाहेरचा रंग नावालाही नाही. एप्रिल २०२४ मध्ये बनारसच्या तिरंगी बर्फीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे रंग जिनसातूनच काढायचा हा मूळचाच रिवाज. केशर-पिस्ते पासष्ट मुलांना वाटणं आपल्याला झेपायचं नाही, एवढंच. आपण तीच युक्ती आपल्या भागातल्या जिनसांवर करू.

शिरूर-दौंड म्हणजे ज्वारीचा मुलूख. रब्बीची ज्वारी निघून एप्रिलपर्यंत घरोघर नवं धान्य आलेलं असतं. ज्वारीच्या लाह्या आपण नागपंचमीला आठवणीनं करतो आणि मग वर्षभर विसरतो! २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून शहरात ज्वारीच्या लाह्या ऐटबाज पाकिटांत दिसू लागल्या. आपल्याला पाकिटाची गरज नाही. शेरभर ज्वारीच्या लाह्या मोठं पिंप भरून होतात, आणि रंगानं त्या मुळात पांढऱ्या. तीन थरांपैकी एक थर तर आयताच मिळाला.

लाह्या घरी फोडायच्या असतील तर ज्वारी निवडून उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं घालून लगेच उपसा, चाळणीत निथळा आणि फडक्यात बांधून रात्रभर ठेवा. दाण्याच्या आत मुरलेल्या ओलाव्याची गरम कढईत वाफ होते, ती टरफलाला आतून रेटते आणि दाणा फुटतो. म्हणून कढई अगदी सणसणीत तापलेली हवी आणि एका वेळी मूठभरच ज्वारी टाकायची. फडक्याच्या बोळ्यानं हलवत राहा, नाहीतर अर्ध्या लाह्या चुलीवर! सगळीच ज्वारी सारखी फुटत नाही, न फुटलेले गणंग राहतातच. ते चाळून काढायचा कंटाळा करू नका. पहिली-दुसरीतल्या मुलांचे दात आधीच हलत असतात. हा खटाटोप नको असेल तर भडभुंज्याकडून तयार लाह्या आणा, फक्त मऊ पडलेल्या नाहीत ना ते दोन चावून बघून घ्या.

आता कृतीकडे वळू. साधारण पस्तीस छोट्या वड्यांचं प्रमाण देते. पासष्ट मुलांना याच्या दुप्पट करावं लागेल आणि ते दोन ताटांत करा, एकाच मोठ्या परातीत नको.

साहित्य : ज्वारीच्या लाह्या नऊ वाट्या, आटवलेल्या गोड दुधाचा (कंडेन्स्ड मिल्क) ४०० ग्रॅमचा एक डबा, दुधाची पावडर अडीच वाट्या, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस अर्धी वाटी, आमरस एक वाटी, किसलेल्या बिटाचा पिळून काढलेला रस एक चहाचा चमचा, विड्याची पानं सहा, पालकाची कोवळी पानं सहा-सात, बडीशेपेची पूड, वेलदोडे आणि ताटाला लावायला तूप.

लाह्या आधी कढईत कोरड्याच जरा गरम करून कुरकुरीत करा. निवल्या की मिक्सरमधून रव्यासारख्या भरड काढा. अगदी पीठ करू नका, वडीला दाताखाली काहीतरी लागायला हवं. अख्ख्या लाह्या मिश्रणात घालायचा मोह होतो, पण गोड दुधात त्या रात्रीतून मऊ पडतात. एक मूठ अख्ख्या लाह्या डब्यात घट्ट झाकून ठेवा, सकाळी वरून दाबायला. बाकीच्या भरडीचे तीन सारखे भाग करा.

केशरी थरासाठी आमरस जाड बुडाच्या कढईत आटवून पाव वाटीवर आणा.  रस केशर आंब्याचा मिळाला तर उत्तम, त्याचा गर मुळातच नारिंगी असतो. पायरी किंवा रायवळ असेल तर रंग पिवळ्याकडे झुकतो. मग त्यात बिटाचा रस थेंब-थेंब घाला. चार-सहा थेंबांतच पिवळ्याचा केशरी होतो. चमचाभर एकदम ओतलात तर लाल होईल, म्हणून थांबत-थांबत. निवल्यावर त्यात लाह्यांच्या भरडीचा एक भाग, एक वाटी दूध पावडर आणि लागेल तेवढं गोड दूध घालून पोळीच्या कणकेइतपत गोळा करा. आमरसाचा ओलावा असल्यामुळे इथे गोड दूध डब्याच्या पाव हिश्शाएवढंच पुरतं.

पांढऱ्या थरात भरडीचा दुसरा भाग, खोबऱ्याचा कीस, अर्धी वाटी दूध पावडर, वेलदोड्याची पूड आणि गोड दूध. खोबरं सुकंच घ्या. ओलं खोबरं चवीला छान, पण मेच्या उकाड्यात रात्रभर ठेवलं तर सकाळी आंबूस वास मारतो, आणि ते मुलांच्या पोटात जायचं आहे.

हिरव्याची मात्र थोडी मिजास सांभाळावी लागते. पालकाची पानं उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच थंड पाण्यात टाका आणि घट्ट पिळून घ्या. विड्याच्या पानांचे देठ आणि जाड शिरा काढा. दोन्ही पानं दोन चमचे गोड दुधाबरोबर गंधासारखी वाटा, पाणी घालू नका. पानांतल्या हिरव्या रंगाला उष्णता आणि आंबट या दोन गोष्टी सोसत नाहीत. त्यातला मॅग्नेशियमचा अंश निघून जातो आणि हिरव्याचा शेवाळी होतो. भाजी झाकण घालून शिजवली की काळपट होते ती याचमुळे. म्हणून हे वाटण पुन्हा शेगडीवर चढवायचं नाही आणि त्यात लिंबू पिळायचं नाही. सोडा घातला तर हिरवेपणा टिकतो हे खरं, पण 'क' जीवनसत्त्व त्याच्यापायी जातं. त्या वाटेला जाऊ नका. वाटणात भरडीचा तिसरा भाग, एक वाटी दूध पावडर, चमचाभर बडीशेपेची पूड आणि उरलेलं गोड दूध मिसळा. पालकाची चव लागत नाही, विड्याची आणि बडीशेपेचीच लागते. मुलं 'पान मसाल्याची वडी' म्हणून उड्या मारतात. नाव तेवढं बदलायला हवं!

आता थर लावायचे. तूप लावलेल्या ताटात सगळ्यात आधी हिरवा, त्यावर पांढरा, वर केशरी. प्रत्येक थर तुपाच्या हातानं सारखा दाबून वाटीच्या बुडानं गुळगुळीत करा, मगच पुढचा. काहीजणी ताट उपडं करून वड्या काढतात. तसं करणार असाल तर क्रम उलटा, म्हणजे केशरी आधी. झेंडा आडवा असताना केशरी पट्टा वरच हवा हे मुलांनाही पाठ असतं, आणि निकालाच्या दिवशीसुद्धा चूक काढायला ती तत्पर असतात. मधल्या पांढऱ्या थराचा आणखी एक उपयोग आहे. आंब्याचा आंबटपणा तो हिरव्यापर्यंत पोचू देत नाही.

एकीनं मला विचारलं होतं, "झेंड्याच्या रंगाचं खायचं म्हणजे अपमान तर नाही ना होत?" प्रश्न अगदीच वेडा नाही. राष्ट्रीय मानचिन्हांचा अवमान रोखणारा कायदा १९७१ सालचा आहे. कोइमतूरला २०१३ च्या नाताळात तिरंगी नकाशा आणि अशोकचक्र काढलेला मोठा केक कापला, म्हणून फिर्याद झाली होती. मद्रास उच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये ती रद्द केली. नुसता असा केक कापल्यानं राष्ट्रध्वजाचा अवमान ठरत नाही, असा निर्वाळा दिला. तरी माझं मत विचाराल तर वडीवर चक्र काढू नये. तीन रंग पुष्कळ झाले. गोकर्णाच्या फुलांचा निळा रंग फार सुरेख येतो हे मला माहीत आहे, पण तो सरबताला ठेवा. आणि खाऊच्या ताटात कागदी झेंडेही खोचू नका. मुलं वडी खातात, झेंडा मैदानात पडतो, आणि मग आम्ही शिक्षिका भर उन्हात ते गोळा करत फिरतो.

वड्या आदल्या संध्याकाळी थापा, तासाभरानं धारदार सुरीनं कापा. बाजूनं तीन पट्टे स्वच्छ दिसायला हवेत, म्हणून दर कापाला सुरी ओल्या फडक्यानं पुसा. फ्रीज असेल तर रात्रभर त्यात, नसेल तर जाळीच्या झाकणाखाली गार जागी. उन्हात ठेवल्या तर हिरवा उडेल. सकाळी वरून अख्ख्या लाह्या दाबायच्या आणि डब्यात भरायच्या. वाटेपर्यंत डबा सावलीत असू द्या आणि त्याच दिवशी संपवा.

वाटण्याचंही थोडं सांगते. वड्या सारख्या आकाराच्या कापा आणि निकालपत्रक हातात पडायच्या आधी वाटा. निकालानंतर वाटल्या की पहिला आलेला दोन मागतो आणि ज्याला कमी गुण मिळाले तो कोपऱ्यात उभा राहून एकही घेत नाही; हे मी दरवर्षी बघते. १ मे हा १९६० पासून महाराष्ट्राचा दिवस आहे, तसाच तो कामगारांचाही. आपल्या भागात ऊसतोडीला आणि गुऱ्हाळावर आलेल्यांची मुलं शाळेत असतात. त्यांच्यातली काही मेपर्यंत आपल्या गावी परतलेली असतात, काही थांबलेली असतात. त्यांच्या आयांनाही लाह्या चाळायला बोलवा. कढईत ज्वारी फोडण्यात त्या आपल्यापेक्षा तरबेज निघतील.

कुणी विचारेल, दौंड तालुक्यात एवढी गुऱ्हाळं असताना साखरेचं डब्यातलं दूध कशाला? गुळात लाह्या घातल्या की लाडू होतात, तिरंगा होत नाही. चांगला गूळ तपकिरीच असतो. जो फार पिवळाधमक दिसतो, त्यात रंग उजळायला हायड्रोस घातलेलं असण्याचा संभव असतो. पण वाटून झाल्यावर डब्याच्या तळाशी लाह्यांची भरड उरली, तर ती टाकू नका. तपकिरी गूळ किसून, कोमट दुधात कालवून दुसऱ्या दिवशी न्याहारीला द्या. सुट्टी लागलेली असते, मुलं उशिरा उठतात, आणि आपल्यालाही चूल उशिरा पेटवायची असते.