घराच्या कोपऱ्यातील घोडी

घराची आवड त्याच्या दिवाणखान्यावरून नव्हे, तर कोपऱ्यांवरून ओळखावी, असे आम्हांस वाटते. ग्वाल्हेरातील, विशेषतः लष्करातील जुन्या मराठी घरांत खोल्या कितीही अपुऱ्या असोत, तंबोऱ्यासाठी एक कोपरा राखलेला असे. येथे १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय स्थापन झाले, ही भाग्याची गोष्ट खरीच. परंतु घरात तंबोरा नजरेसमोर उभा होता, म्हणूनही गाणे टिकले. चित्रकलेस मात्र आपण असा कोपरा दिला नाही. पाने मांडायची वेळ झाली की मुलाचे चित्र गुंडाळले जाते, आणि एकदा गुंडाळलेले चित्र सहसा पुन्हा उलगडत नाही.

यावर उपाय म्हणजे चित्राचा फळा उभा धरणारी तिपाई. कोणी तिला ईझल म्हणतात, कोणी घोडी. गंमत अशी की, 'ईझल' हा शब्द ज्या डच शब्दावरून आला, त्याचा अर्थ गाढव! ओझे निमूटपणे वाहणारे जनावर दोन्हीकडे सुचले, एवढेच.

घोडीचा लाभ केवळ सोयीचा नाही. कागद जमिनीवर पसरून वर वाकले असता त्याची दूरची बाजू डोळ्यास आखूड भासते. मूल नकळत ती भरपाई करते. मग कागद उभा केल्यावर माणसाचे डोके धडाच्या मानाने मोठे दिसू लागते. फळा नजरेसमोर उभा असला की हा दोष टळतो. शिवाय चार पावले मागे सरून आपले काम परक्याच्या डोळ्यांनी पाहता येते. वडीलधाऱ्यांची पाठही वाकत नाही. जलरंगांस मात्र फळा थोडासाच कलता हवा. नाहीतर रंग ओघळून खाली येतो. कोळसा, खडू आणि तैलरंग यांस उभा फळा मानवतो.

ही वस्तू विकतच आणली पाहिजे असे नाही. सुताराकडून पाच फुटी तीन पट्ट्या घ्याव्यात. पुढच्या दोन पट्ट्या माथ्याशी जोडून मागची बिजागरीने बसवावी, आणि पाय फाकू नयेत म्हणून मध्ये साखळी लावावी. पुढच्या पट्ट्यांस भोके पाडून खुंट्या घातल्या की फळा वरखाली करता येतो. अठरा बाय चोवीस इंचांचा फळा घरास पुरतो. उजव्या हाताने काढणाऱ्यास उजेड डावीकडून मिळावा, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. तेही न जमल्यास भिंतीशी खुर्ची ठेवून तिच्या पाठीस फळा टेकवावा.

चित्रकला आपल्या प्रांतास परकी नाही. द. दा. देवळालीकरांनी १९२७ मध्ये इंदुरात कलाशाळेचा पाया घातला, ना. श्री. बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, विष्णू चिंचाळकर हे तेथलेच विद्यार्थी. चिंचाळकर गुरुजींनी तर वाळकी पाने, काटक्या आणि टाकाऊ वस्तूंतून आकृती उभ्या केल्या. तेव्हा साधनांच्या किमतीची सबब चालणार नाही.

शाळेत आम्ही वर्षानुवर्षे पाहतो की, सातवीपर्यंत चित्रांत रमलेले मूल नववीत पोहोचेतो रंगपेटी माळ्यावर गेलेली असते. त्याची आवड सरत नाही, तिची जागा जाते. आणि मुलेच कशाला? अंगणात एका हाताने निर्दोष वळण काढणाऱ्या आपल्या किती गृहिणींची कला संध्याकाळपर्यंत पुसली जाते! त्यांच्यासमोर उभा कागद कोणी ठेवला?

अर्धे चित्र घोडीवर तसेच राहू द्यावे. जाता-येता कोणी म्हणेल, झाड जरा डावीकडे हवे होते. दुसऱ्या दिवशी एखादी रेघ वाढेल. घरात एवढे बोलणे सुरू झाले तरी त्या कोपऱ्याचे भाडे फिटले, असे आम्ही समजू.