जिम रीव्हज कुणी पाहिला का?

गेले सात शुक्रवार मी पहाटे साडेपाचला उठून चोरबाजारात जातोय. ऑफिसात याचा पत्ता लागू दिलेला नाही. साडेनऊच्या मीटिंगला पावणेदहाला घुसणारा माणूस आपणहून साडेपाचला उठतो, हे बॉसला कळलं तर संपलंच.

बरं, जातोय कशासाठी? जिम रीव्हजसाठी. हसा. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचं हसून झालंय. कारण ‘आपण बुवा फक्त जॅझ ऐकतो’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं लग्नात, ट्रेकला, दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून ऐकवत आलोय. आणि आता मटण स्ट्रीटच्या फुटपाथवर उकिडवा बसून विचारतोय, "चाचा, जिम रीव्हज आया क्या?"

सुरुवात साधी होती. पहिला पगार, काळा घोडा, ऱ्हिदम हाऊस. (२०१६ मध्ये ते बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांत मीही होतो. त्याआधी दोन वर्षं तिथून काहीही विकत न घेणाऱ्यांतही मीच होतो.) तिथे माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घेतली, का तर कव्हर भारी वाटलं. १९५९ चं रेकॉर्डिंग. घरी लावली तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "हा माणूस मधेमधे थांबतो का रे?" आईला जे तीन मिनिटांत कळलं ते माझ्या डोक्यात शिरायला सहा महिने गेले. माइल्सने जे वाजवलंय तेवढंच, त्याने जे सोडून दिलंय तेही ऐकायचं असतं.

मग नादच लागला. कोल्ट्रेन झाला, मग त्याची बायको अॅलिस कोल्ट्रेन. तिची १९७१ ची ‘जर्नी इन सत्चिदानंद’ कानावरून गेली नसेल तर आज रात्री दिवे घालवून ऐका. खाली तानपुरा, त्यावर हार्प, त्यावर फॅरोआ सँडर्सचा सॅक्सोफोन. ऐकताना आपण देवळात आहोत की क्लबमध्ये, कळेनासं होतं. तिथून मी आणखी विचित्र गोष्टींकडे वळलो. चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्म ऑर्केस्ट्रातले वादक. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रं घेतली आणि दहा राग चक्क डिस्को ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड फारशी कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या डीजेंनी तोंडात बोटं घातली. शिकागोत १९८७ च्या सुमारास ज्या संगीताला ‘अॅसिड हाऊस’ नाव पडलं, ते जवळपास तसंच्या तसं मुंबईत पाच वर्षं आधी वाजून गेलं होतं.

तेव्हा लक्षात आलं, आपण उगाच न्यूयॉर्ककडे तोंड करून बसलोय. १९३५ मध्ये लिऑन अॅबी या अमेरिकन कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचा बँड आपल्या ताजमहाल हॉटेलात वाजत होता. असल्या बँडांचं बघून-ऐकून गोव्याची पोरं तयार झाली. नोटेशन त्यांना गावच्या चर्चच्या शाळेतच आलेलं. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा फिल्म स्टुडिओत रेकॉर्डिंग. आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, यांना तर मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. १९५१ चा ‘अलबेला’ पुन्हा बघा. संगीत सी. रामचंद्रांचं, नाचायला भगवानदादा आणि पडद्यावर झालरीच्या बाह्या घालून वाजवतोय तो चिक चॉकलेटचा बँड. म्हणजे आपले आजोबा थिएटरात ज्यावर नाचले ते जॅझच की.

यातून एक रेकॉर्ड माझ्या डोक्यात जाऊन बसली. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’, १९६८. एच.एम.व्ही.ची. तोडी, भैरव, मालकंस, कलावती असे अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो. नेटवर ऐकता येते हो, पण ओरिजिनल कव्हर हातात घेऊन ऐकणं वेगळं. रेकॉर्ड जमवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, आणि न जमवणाऱ्याला सांगून उपयोग नसतो.

चार वर्षं शोधली. तोवर बाकीचं शिकलो. रेकॉर्ड तिरकी धरून उजेडात बघायची. कव्हरला भुलायचं नाही. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून कपाट भिंतीला चिकटवायचं नाही, रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या. लाखेच्या जुन्या ७८ ला स्पिरिट लावायचं नाही, लाख विरघळते. (हे मी एक रेकॉर्ड घालवून शिकलो.) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवडलेली वस्तू दिसली की चेहरा मख्ख ठेवायचा.

हेच शेवटचं मला भोवलं.

गणपती झाल्यावर चाचांनी टीप दिली. चिराबाजारमागे एक आंटी घर खाली करतायत, मुलीकडे वसईला चालल्यात, रेकॉर्ड आहेत. गेलो. दोन खोल्या, बांधलेल्या खोक्यांवर अल्तार, त्याच्या शेजारी चाळीसेक रेकॉर्डचा ढीग. आंटींचे मिस्टर फिल्म ऑर्केस्ट्रात ट्रंपेट वाजवायचे, गेले त्याला अकरा वर्षं झाली. मी ढीग चाळला. लोर्ना, बेनी गुडमन, कुठल्याही गोवेकर घरात असतो तसा जिम रीव्हज. आणि खालून सातवी ‘रागा जॅझ स्टाइल’. कव्हर कोरं करकरीत.

मी चेहरा मख्ख ठेवला. "सगळ्याचे हजार देतो आंटी."

"दे रे बाबा," आंटी म्हणाल्या. "टेम्पोत जागा नाय." आणि वर मला लिंबू सरबत दिलं.

घरी येऊन आधी फोटो काढून ग्रुपवर टाकला. एका मित्राने जागच्या जागी पंधरा हजार देऊ केले. मी हवेत. रात्री मालकंस लावला. कव्हर उलटं केलं तर मागे छापलेल्या वादकांच्या नावांपैकी पाचांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा. आंटींच्या मिस्टरांनीच केल्या असणार. ज्यांच्याबरोबर वाजवलं त्यांच्या का? ज्यांच्याशी पटायचं त्यांच्या? माहीत नाही. सिनेमाच्या रेकॉर्डवर तेव्हा वादकांची नावं छापायचेच नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यात ट्रंपेट फुंकलेल्या माणसाने ही यादी किती वेळा वाचली असेल, असं मनात आलं आणि रेकॉर्ड मधेच बंद केली.

बायको म्हणाली, "आंटींना सांगितलंस, केवढ्याची आहे ते?"

मी म्हटलं, बाजार असाच असतो.

ती म्हणाली, "त्या बाजारात कुठे बसल्या होत्या? घरात होत्या. तुला सरबत दिलं त्यांनी."

हे बोलणं आठवडाभर डोक्यात राहिलं. शेवटी पाकिटात बारा हजार घातले आणि गेलो. खरं सांगायचं तर जाताना मी आंटींच्या डोळ्यांत पाणी वगैरे येईल अशी तयारी करून गेलो होतो. तसलं काही झालं नाही. आंटींनी सगळं ऐकून घेतलं, नोटा दोनदा मोजल्या, पाकीट उशीखाली सरकवलं. मग म्हणाल्या, "बरा झाला आलास. तो जिम रीव्हज परत दे मला. नाताळचा. चुकून गेला."

माझ्या पोटात गोळा आला.

१९६३ ची ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’. "आमचा मॅन जॅझवाला," आंटी सांगत होत्या, "जिम रीव्हजला शिव्या द्यायचा. रडतो म्हणायचा. पण लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला स्वतः घेऊन आला. पाठी निळ्या शाईने लिवलंय बघ, नो जॅझ टुनाइट." दर २४ डिसेंबरला मिसाला जाण्याआधी ती लागायची. ते गेल्यावरही.

मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. "आणतो," म्हटलं आणि जिना उतरलो.

कारण जिम रीव्हज माझ्याकडे नव्हताच. हजार रुपयांचा सौदा झाल्यावर पहिल्याच शुक्रवारी, नको असलेल्या सहा रेकॉर्ड मी चाचांना तीनशेला देऊन टाकल्या होत्या. मागची बाजू बघितलीही नव्हती. जिम रीव्हजची मागची बाजू कोण बघतं? चाचांनी त्या पुढे कुणाला दिल्या ते त्यांना आठवत नाही. ते म्हणतात, "इतना माल आता है बेटा, किसका किसका याद रखूँ?"

तेव्हापासून माझे शुक्रवार असे चाललेत. त्या अल्बमच्या चार कॉपी आतापर्यंत घेतल्या. गेल्या शुक्रवारी पाचवी सापडली. उलटी केली तर मागे खरंच निळी शाई! हात थरथरला. टॉर्च मारून वाचलं, ‘हॅपी बर्थडे डॉली’. चाचा शंभर म्हणाले. मी घासाघीस न करता दिले. कुठेतरी एखादी डॉलीही शोधत असेल.

आंटी आता वसईला असतात. दर शुक्रवारी नऊच्या सुमारास त्यांचा फोन येतो, मी लोकलमध्ये असतो. दोन शुक्रवारांपूर्वी एकदाचं खरं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "नाताळपर्यंत बघ."

आज डिसेंबरची पाच तारीख. तुमच्यापैकी कुणी हल्लीच फुटपाथवरून जिम रीव्हज उचलला असेल, तर प्लीज एकदा उलटा करून बघा.