समुद्र जाणणारे अधिकारी

मनोर हे गाव काही समुद्रकाठी वसलेले नाही. तरीही वैतरणेच्या पात्रातून भरतीचे पाणी तेथवर चढते. पश्चिमेस तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून यंत्रांच्या थंडाव्यासाठी समुद्राचेच पाणी घेत आले आहे, आणि डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे. अशा किनाऱ्याच्या रक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या नौदल अधिकाऱ्यांना सागराचे शास्त्र कितपत अवगत असावे, हा प्रश्न केवळ लष्करी वर्तुळापुरता मर्यादित राहू शकत नाही.

जहाज चालविणे वेगळे आणि समुद्र जाणणे वेगळे. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. परंतु पाण्याचे तापमान, क्षारता व खोली यांनुसार हा वेग बदलतो आणि ध्वनिलहरींची वाट वाकते. वरच्या उबदार थराखाली दडलेली पाणबुडी म्हणूनच शोधयंत्राला हुलकावणी देऊ शकते. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ ‘खुकरी’ ही युद्धनौका पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक प्राणास मुकले. त्या हानीची कारणे एकाहून अधिक असतील. परंतु ज्या पाण्यात शत्रूला शोधावयाचे, त्या पाण्याचे ज्ञान ही चैन नव्हे, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेत स्वेर्ड्रुप व मुंक या शास्त्रज्ञांनी लष्करी अधिकाऱ्यांना लाटांचे भाकीत करण्यास शिकविले, आणि १९४४ च्या नॉर्मंडीवरील उतरणीत ती विद्या कामी आली. भारतातही साधनांची वाण नाही. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत ‘किस्तना’ ही नौदलाची नौका सहभागी झाली होती. त्या मोहिमेतूनच १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. जलालेखनाचे शिक्षण गोव्यात, तर सागर व हवामानशास्त्राचे कोचीत नौदलाच्याच संस्थांतून मिळते. प्रश्न उरतो तो निवडीचा.

अधिकाऱ्याची जागा जहाजावर, संशोधन मुलकी शास्त्रज्ञांनी करावे, असा एक आक्षेप आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण शास्त्रज्ञाचा अहवाल ऐन प्रसंगी वाचून निर्णय घ्यावयाचा असतो तो अधिकाऱ्यानेच. म्हणून उच्च शिक्षणासाठी निवड करताना केवळ सेवाज्येष्ठता न पाहता गणित व भौतिकशास्त्राची खरी गती पाहावी. काही वर्षे प्रत्यक्ष समुद्रावर काढलेला, तरीही अभ्यासाची सवय न सुटलेला तरुण अधिकारी निवडावा. अभ्यासात गेलेली दोन वर्षे बढतीच्या वेळी त्याच्या विरुद्ध मोजली जाऊ नयेत. अन्यथा बुद्धिमान माणूस अर्जच करणार नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत शिक्षण ही गुंतवणूक आहे, आणि तिचे मोल फळावरून ठरते. पदवी घेऊन परतलेला अधिकारी कारकुनी टेबलावर बसविला, तर मुद्दलही बुडाले. भांग कधी आणि उधाण कधी, हे सातपाटीचा मच्छीमार पिढीजात अनुभवाने जाणतो. त्याच समुद्रावर देशाच्या वतीने पहारा देणाऱ्याला ते ज्ञान शास्त्राच्या कसोटीवर मिळवून देणे, हे शासनाचे कर्तव्यच आहे.