धूर कुणाचा, भुर्दंड कुणाला?

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा परिसरात काही दिवसांपूर्वी लाकूडकटाई करणाऱ्या एका समाजबांधवाने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, पेट्रोलच्या मशिनी बंद होणार म्हणतात, खरं आहे का जी?" कुऱ्हाड आणि आरा मागे पडून त्याच्या हाती आता चेन सॉ आली आहे. मजूर तिला नुसते मशीन म्हणतात. ती बहुधा ठेकेदाराची असते. चालवणारा आमचा भूमिहीन बांधव.

बंद होणार नाहीत, असे आम्ही त्याला छातीठोकपणे सांगू शकलो नाही. या मशीनचे इंजिन टू-स्ट्रोक असते. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावे लागते, ते जळते आणि निळा धूर होतो. शिवाय न जळलेल्या पेट्रोलचाही बराच हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो. याच दोषापायी टू-स्ट्रोक स्कूटर रस्त्यावरून गेल्या. वाहनांनंतर जनित्रांचे नियम १ जुलै २०२३ पासून कडक झाले. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना, अनेकदा मुदत वाढवून का होईना, १ जानेवारी २०२३ पासून नवे नियम लागू झाले. हातातल्या मशीनची पाळी उद्या येईल, हे उघड आहे.

येऊ द्या. आम्ही नियमांच्या विरोधात नाही. हा धूर सर्वात आधी कुणाच्या छातीत जातो? मशीन धरणाऱ्याच्याच! मोटारीचा धूर मागे राहतो, हा मात्र नाकापासून हातभर अंतरावर निघतो. वर्षानुवर्षे हादरे बसून बोटे पांढरी पडतात, बधिर होतात, ते वेगळेच. तेव्हा स्वच्छ हवेचा पहिला हक्कदार हा मजूर आहे. प्रश्न आहे तो खर्चाचा.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली कायदा केला आणि २०२४ पासून नव्याने बनणाऱ्या बहुतेक छोट्या इंजिनांनी धूर सोडूच नये असा नियम केला. पण त्याचबरोबर बागकाम करणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना मशीन बदलण्यासाठी ३ कोटी डॉलरची तरतूदही केली. आमच्याकडे नियमाची नक्कल होईल, तरतुदीची होईल काय?

ही शंका उगाच नाही. आमच्याच जिल्ह्यात तिरोड्याला ३३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे. अशा कोळशाच्या केंद्रांसाठी देशभर ७ डिसेंबर २०१५ रोजी नवे निकष निघाले, दोन वर्षांची मुदत दिली गेली. सल्फर डायऑक्साइडच्या निकषाची ती मुदत २०१७ वरून २०२२, आणि पुढे सरकत सरकत २०२७ ते २०२९ पर्यंत गेली. शेवटी जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्या निकषातून मोकळेच केले! खर्च परवडत नाही, वीज महागेल, ही कारणे मान्य झाली. दोन-तीन अश्वशक्तीच्या मशीनवाल्याला परवडत नाही, हे कोण मान्य करणार? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोर प्रकरणात प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व सांगितले. इथे प्रदूषण करणारा कोण? मशीन बनवणारी कंपनी, ती विकत घेणारा ठेकेदार, की रोजंदारीवर ती ओढणारा मजूर?

कायदा मजुराला इतर बाबतीत तरी ओळखतो काय? व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण ती साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेसाठी. लाकूडकटाईची टोळी तीन-चार जणांची. मात्र धोकादायक व जीवघेण्या कामाला एकच कामगार असला तरी शासन अधिसूचना काढून संहिता लागू करू शकते. लाकूडकटाईसाठी ती अधिसूचना निघावी, ही आमची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी मशीनची. सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना वाचकांना ठाऊक आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान मिळते. ट्रॅक्टरला रान लागते. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याला मशीन लागते. त्याच धर्तीवर बॅटरीची मशीन, जादा बॅटऱ्या आणि चार्जिंगची सोय मिळाली पाहिजे, कारण बांधावर पेट्रोलची कॅन नेता येते, विजेचा बोर्ड नेता येत नाही. कागदी बचत गट काढणारे महाभाग आमच्या चळवळीतही आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून अनुदान मशीन चालवणाऱ्याच्याच नावे हवे आणि जुनी मशीन जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय ते देऊ नये. नाहीतर नवी मशीन ठेकेदाराच्या घरी, आणि जुनी धुराची पुन्हा आमच्याच बांधवाच्या हाती.