कर्जाचा कागद दाखवा

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीबद्दल वसुली करणाऱ्याचा दूरध्वनी आला की आपल्या शहरातील पगारदार मनुष्य प्रथम घाबरतो, मग लाजतो आणि अखेर सांगितलेली रक्कम कशीबशी भरून मोकळा होतो. ती रक्कम कशी झाली, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. कारण तगाद्याचा शब्द शेजाऱ्याच्या कानी जाणे हीच त्याला खरी आपत्ती वाटते. याच्या उलट टोकाला अलीकडे एक नवा पंथ निघाला आहे. बँकेकडे मूळ करारपत्र मागा, ते तिच्याजवळ सापडत नाही, आणि कागद नाही म्हणजे कर्जही नाही, असा या पंथाचा उपदेश! एकाला भित्रेपणा व दुसऱ्याला लबाडी म्हणून हा विषय निकालात काढता आला असता. तथापि या दुसऱ्या उपदेशात जो सत्यांश आहे तो मोलाचा आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याच मराठी मुलखात घडला आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले व हे लोण पुढे नगर जिल्ह्यातही पसरले. त्या दंग्यांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, जमावाला पाहिजे होती ती कर्जाची खते आणि हुकूमनामे. जेथे सावकाराने ते कागद मुकाट्याने हवाली केले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही, असे चौकशी आयोगानेच नमूद केले आहे. निरक्षर कुणब्याने ज्या कागदावर अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नव्हते. जुन्या खताचे व्याज मुद्दलात मिळवून नवे खत केव्हा झाले हेही ठाऊक नव्हते. खताचा धूर झाला म्हणजे देणे संपले, अशी त्याची समजूत होती. आजच्या नव्या पंथाची समजूत याहून फारशी निराळी नाही. फरक इतकाच की तो कुणबी खरोखरच नाडलेला होता.

सरकारने यावर काढलेला उपाय मात्र अधिक शहाणपणाचा होता. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने खत जाळण्याची मुभा दिली नाही. परंतु खतावरचा आकडा अंतिम न मानता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासण्याचे कर्तव्य न्यायालयावर घातले. कर्जदाराला पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला, व तो नाकारणाऱ्या सावकाराला दंड ठेवला. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्याने हा कायदा गोदावरीपाशी थांबला. पण ‘देणे आहे’ म्हणणाऱ्याने ते कसे झाले हे दाखविले पाहिजे, हे तत्त्व नदीच्या दोन्ही तीरांना सारखेच लागू आहे.

आता आजचे सावकार पाहू. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट कार्डांविषयी निदेश काढले. मागितल्याविना कार्ड देऊ नये, ग्राहकाची स्पष्ट संमती असावी, असे त्यांनी बजावले. संमतीविना कार्ड देऊन पैसे आकारले तर ते परत करून शिवाय त्यांच्या दुप्पट दंड भरावा, असेही घालून दिले. न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज चढविण्यास मनाई केली. बिलाबद्दल ग्राहकाने हरकत घेतल्यास ३० दिवसांच्या आत खुलासा, आणि लागू असेल तेथे कागदोपत्री पुरावा, देण्याचे बंधन घातले. १८७९ च्या पासबुकाचा हा वारसाच म्हणावयाचा! मात्र अटी ग्राहकाच्या भाषेत असण्याचा प्रश्न आला तेव्हा ‘शक्यतो’ या अर्थाचा शब्द घालून रिझर्व्ह बँकेने मराठी वाचकाचे काम अर्धवटच ठेवले.

असे असता मूळ करार न मिळाल्याने कर्ज उडून जाते काय? मुळीच नाही, आणि तसे सांगून फी घेणाऱ्या सल्लागारांपासून वाचकांनी दूर राहावे. कार्ड वापरले, काही महिने बिले भरली, एवढ्या वर्तनावरूनही न्यायालयाला करार झाल्याचे अनुमान काढता येते. आणि १८९१ च्या बँकवह्यांच्या पुराव्याच्या कायद्यान्वये बँकेच्या नोंदींची प्रमाणित नक्कल पुराव्यात चालते. ही कल्पना मूळची ज्या इंग्लंडातली, तेथे १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याने कर्जदाराने मागितलेली कराराची प्रत मिळेपर्यंत न्यायालयामार्फत वसुली होऊ शकत नाही. परंतु तेथेही २००९ च्या एका निवाड्याने स्वाक्षरीच्या कागदाची छायाप्रतच हवी असे नाही, नोंदींवरून पुन्हा तयार केलेली प्रत पुरते, असे ठरविले.

मग कागद मागून साधते काय? हिशेब साधतो, आणि क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात सर्व अनर्थ हिशेबातच दडलेला असतो. दरमहा साडेतीन टक्के हा आकडा दिसण्यात किरकोळ आहे. परंतु काहीच न भरता त्याचे चक्रवाढ होऊ दिले तर ५०,००० रुपयांचे देणे वर्षअखेर ७५,००० च्या वर आणि २१ महिन्यांत दुपटीच्या वर जाते. विलंबशुल्क व कर निराळेच. आपल्या परंपरेतील दामदुपटीचा नियम व्याजाला मुद्दलाच्या पलीकडे जाऊ देत नसे, व मुंबई राज्याच्या १९४६ च्या सावकारी कायद्यानेही ती मर्यादा राखली होती. बँकांना मात्र ती नाही. व्याज जबर आहे एवढ्याच कारणाने बँकेचा हिशेब न्यायालयाने उकलू नये, असे कलम १९८४ साली बँकिंग कायद्यात आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली कार्डाच्या व्याजावर घातलेली ३० टक्क्यांची मर्यादाही डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. दराशी झगडण्याची वाट अशी अरुंद झाली असताना, आकडा बरोबर आहे की नाही हे पाहण्याची वाट तरी कर्जदाराने सोडू नये. न मागितलेला विमा, शुल्कावर चढलेले व्याज, जमा न दाखविलेला हप्ता या चुका पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा पाहिल्यावाचून उमगत नाहीत. थकलेले कर्ज बँकेने दुसऱ्याच कंपनीला विकले असल्यास तर त्या कंपनीकडे हस्तांतरणाचा लेख मागितलाच पाहिजे. असे हस्तांतर लेखी व देणाऱ्याच्या सहीचे असावे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचेच सांगणे आहे.

मागणी लेखी करावी, पोच घ्यावी, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. पत्र लिहिताना एक सावधगिरी हवी. अशा देण्यासाठी दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते, आणि ती संपण्यापूर्वी देणे लेखी कबूल केले किंवा काही रक्कम भरली तर ती पुन्हा नव्याने मोजली जाते. म्हणून प्रत व हिशेब मागावा, आकडा कबूल करू नये. आणि हिशेब खरा निघाला तर पैसे भरावेत. आपण उपभोगलेल्या वस्तूचे दाम कागद हरवला म्हणून बुडविणारा मनुष्य आमच्या सहानुभूतीस पात्र नाही.

रिझर्व्ह बँकेकडे आमची मागणी स्पष्ट आहे. आज पुरावा देण्याचे बंधन आहे. पण तो न देता वसुली चालू ठेवणाऱ्याच्या हाती पुरेशी बेडी नाही. ग्राहकाने मागितलेली कराराची व संमतीची प्रत आणि आरंभापासूनचा हिशेब, मराठी ग्राहकाला मराठीत, हाती पडेपर्यंत वसुलीचे दूरध्वनी, घरच्या भेटी आणि पतमाहिती कंपन्यांकडील थकबाकीची नोंद हे सर्व थांबले पाहिजे, असा नियम तिने करावा. मराठवाड्यातील खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा. प्रत्येकाच्या मतदारसंघात अशी पत्रे दाखविणारी माणसे त्यांना भेटतील.