मंजुरी मुंबईची, उचल गंगाखेडची

घरकुलाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. मैदानी भागासाठी अनुदान 1 लाख 20 हजार रुपये. भागाकार केला की चौरस फुटाला 446 रुपये येतात. या भावात पक्के घर बांधून देतो म्हणणारा गवंडी परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत सापडला, तर त्याचा सत्कारच करावा लागेल.

अनुदानाचा हा आकडा 2016 साली ठरला. शौचालयाचे 12 हजार वेगळे मिळतात आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरीही मिळते. 2025-26 च्या 312 रुपये रोजाने ती 28 हजारांच्या आसपास जाते. सगळे मिळून 1 लाख 60 हजार. तेही मस्टर वेळेवर निघाले, जॉब कार्ड आणि बँक खाते आधारशी जुळले, आणि एका हप्त्यातून झालेल्या कामाचा फोटो पुढचा हप्ता सुटण्याआधी अपलोड झाला तर.

आता परभणी महापालिकेच्या हद्दीत या. इथे त्याच पंतप्रधानांच्या नावाच्या योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, असे अडीच लाख मिळतात. हद्दीची पाटी ओलांडली की अनुदानाची मूळ रक्कम निम्म्याहून खाली येते. सिमेंट आणि सळई मात्र दोघेही शहरातल्याच दुकानांतून नेतात, आणि खेड्यातल्याला वर टेम्पोचे भाडे पडते. हा फरक निसर्गाने केलेला नाही, दोन खात्यांनी दोन फायलींवर केलेला आहे.

मैदानी आणि डोंगराळ एवढीच वर्गवारी दिल्लीला माहीत आहे. डोंगराळ भागाला दहा हजार जास्त. परभणीची जमीन मात्र काळी, खोल आणि कापसाची. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. या मातीत जोते टिकवायचे तर खाली मुरूम लागेपर्यंत खणावे लागते, नाहीतर दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला तडा जातो. म्हणजे घर जमिनीच्या वर दिसायच्या आतच पैशांचा मोठा भाग जमिनीत जातो. अनुदानाच्या दरात काळ्या मातीसाठी वेगळा रकाना नाही.

राज्य सरकारला हे अगदीच कळले नाही असे म्हणता येणार नाही. 2025 मध्ये योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने स्वतःच्या तिजोरीतून 50 हजारांची भर घातली: 35 हजार बांधकामाला, 15 हजार छतावरच्या सौर पॅनलला. त्याच वर्षीच्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत ठरली. निर्णय चांगला, पण उशिरा आलेला. गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा अशी जिल्हाभर फिरते, आणि तिच्याच काठावरच्या माणसाला वाळू परवडत नाही, ही स्थिती कित्येक वर्षे चालली. एवढे करूनही बांधकामाची बेरीज 1 लाख 95 हजारांच्या पुढे जात नाही. ज्याला जागाच नाही, त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून आधी 50 हजार आणि नंतर एक लाख रुपये जागाखरेदीला देण्याचे ठरले. पण तेवढ्या पैशांत गावठाणालगत कोणी जागा विकायला तयार असले पाहिजे.

मग उरलेला खर्च कोण करतो? कागदावर तो लाभार्थ्याचा स्वतःचा वाटा असतो. गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या कितीतरी घरांत त्या वाट्याला ऊसतोड मुकादमाची उचल म्हणतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर मुकादम रोख रक्कम मोजतो आणि ती पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात फेडायची असते. स्लॅब त्या पैशाने पडतो. घर पूर्ण झाले अशी नोंद संगणकावर होते तेव्हा घरमालक पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाचटाच्या कोपीत झोपलेला असतो. गृहनिर्माणाची ही तऱ्हा कोणत्याही आर्थिक पाहणी अहवालात शोधून सापडणार नाही.

या साखळीचे शेवटचे टोक घरातल्या मुलीपर्यंत जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) परभणीत 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. राज्यात हे प्रमाण सर्वांत जास्त. कारणे अनेक आहेत आणि सगळा दोष उचलीवर टाकणे चुकीचे होईल. पण आई-बाप सहा महिने फडावर आणि वयात आलेली मुलगी गावात एकटी, हे चित्र असलेल्या घरात लग्न लवकर उरकण्याची घाई का होते, हे समजायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. त्यावर कार्यशाळा होतात, शपथा होतात, पथनाट्ये होतात. त्यांचा खर्च कमी असतो.

आरोग्याची गोष्टही थोडी वेगळ्या वाटेने घरच्यांच्याच खिशापर्यंत पोहोचते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी परभणीकरांना 2021 मध्ये रस्त्यावर यावे लागले. पुढे मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि 2023-24 मध्ये शंभर जागांची पहिली तुकडी सुरू झाली. तोवर गंभीर रुग्णाच्या कागदावर ‘रेफर’ लिहिले की नांदेडच्या विष्णुपुरीचे नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या घाटीचे शासकीय रुग्णालय. 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर 2023 च्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा चर्चा औषधटंचाई आणि अधिष्ठात्यांभोवती फिरली. आसपासच्या जिल्ह्यांनी स्वतःच्या रुग्णालयांत जे केले नाही, ते सगळे ओझे एका इमारतीवर येऊन पडत होते, हा मुद्दा मागे राहिला.

परभणीला महाविद्यालय मिळाले हे चांगलेच झाले. पण त्यातला एक बारकावा पाहण्यासारखा आहे. महाविद्यालय सुरू करताना सरकार नवे रुग्णालय बांधून होईपर्यंत थांबत नाही. असलेले जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याकडून वैद्यकीय शिक्षण खात्याकडे वर्ग करते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याने सरकारी रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत केले ते सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत. वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. म्हणजे इमारत तीच, खाट तीच, खाते बदलले की केसपेपरच्या खिडकीवरचा नियम बदलतो. सेलूहून आलेल्या म्हातारीला हे कोण समजावणार?

2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना 2020 पर्यंत अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक हिस्सा आरोग्याला द्यायला सांगितले होते. महाराष्ट्र पाच टक्क्यांच्या आतबाहेर घुटमळत राहिला. या पैशातला बांधकामाचा भाग दिसतो, त्याला कोनशिला असते. परिचारिका, तंत्रज्ञ, भूलतज्ज्ञ यांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात आणि पगाराचे उद्घाटन होत नाही. पद मंजूर असणे आणि माणूस हजर असणे यांतले अंतर रुग्णाचे नातेवाईक खासगी दवाखान्यात पैसे मोजून भरून काढतात. पाच लाखांचे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच आता सर्वांना लागू आहे खरे. पण कार्डावर शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय गाठेपर्यंतच्या तपासण्या, गाडी आणि बुडालेला रोज त्यात येत नाही.

खर्चाचे अग्रक्रम कसे ठरतात याचा एक नमुना याच जिल्ह्यातला. जानेवारी 2020 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीसाठी 100 कोटींच्या आराखड्याची घोषणा केली. साईबाबांच्या जन्मस्थानाचा उल्लेख झाल्याने शिर्डीत बंद पाळला गेला आणि अख्खे राज्य बाबांच्या जन्मगावावर भांडले. पाथरीच्या दवाखान्याला आणि नळाला किती हवे, यावर कुठे बंद झाला नाही.

आणि मग लाडकी बहीण. जून 2024 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेवर वर्षाला 46 हजार कोटी लागतील असे सांगितले गेले. 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36 हजार कोटींची तरतूद झाली. महिना दीड हजारांना नाक मुरडणाऱ्यांनी निराधार बाईचा किराणा कधी भरलेला नसतो. रक्कम थेट खात्यात येते, मधे कोणाचा हात नाही, आणि घरातल्या बाईला पहिल्यांदा स्वतःचे म्हणता येतील असे पैसे मिळतात. हे मोठेच आहे. गैर आहे ते पैसे कुठून आले ते. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे 335 कोटी या योजनेकडे वळवले गेले. अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थी महिलांसाठीच हा पैसा आहे, असा सरकारचा युक्तिवाद होता. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी मात्र उघड नाराजी व्यक्त केली. दलित कुटुंबांना घरकुल देणारी रमाई आवास योजना चालवणारे सामाजिक न्याय खाते हेच. एका दलित कुटुंबात बहिणीच्या खात्यात दीड हजार पडले आणि भावाच्या घरकुलाचा हप्ता रखडला, तर त्या घराला सरकारने नेमके काय दिले?

गरिबांसाठी पैसा उभा करण्याचे काम महाराष्ट्राने याहून नीट करून दाखवलेले आहे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मराठवाड्याने ज्या रोजगार हमीवर दिवस काढले, तिचा कायदा 1977 मध्ये झाला. योजनेमागच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेइतकीच महत्त्वाची होती तिची पैशांची बाजू. शहरी पगारदारांवर 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला आणि त्यातून जमा होईल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या बाजूने घालायची असे ठरले. आजही राज्यातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात महिना 200 आणि फेब्रुवारीत 300 अशी वर्षाला 2,500 रुपयांची कपात दिसते, ती हीच. हक्क कायद्यात लिहिला, त्याचा पैसा कोणाच्या खिशातून येणार हेही लिहिले. मुंबईच्या कारकुनाने गंगाखेडच्या मजुराला दिलेले ते पैसे होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते.

मराठवाड्याच्या हिशेबाचीही एक जागा होती. दांडेकर समितीने 1984 मध्ये रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याचा 3,186 कोटींचा अनुशेष मोजला. घटनेच्या 371 (2) कलमाखाली 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांनी सगळे प्रश्न सोडवले असे कोणी म्हणणार नाही, पण कोणत्या विभागाला किती मिळाले हे विचारण्याचा घटनात्मक दरवाजा तरी उघडा होता. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली. सप्टेंबर 2022 मध्ये पुनर्गठनाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, पण मंडळे पूर्वीसारखी कामाला लागली नाहीत.

ती कामाला लागेपर्यंत परभणीच्या जिल्हा नियोजन समितीने दोन गोष्टी मागाव्यात. एक, काळ्या जमिनीतल्या जोत्यासाठी घरकुलाला वेगळी वाढ. दोन, जिल्ह्यातल्या प्रत्येक मंजूर घरकुलाचा कोणता हप्ता कोणत्या तारखेला देय होता आणि कोणत्या तारखेला पडला, याची गावनिहाय यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. दुसऱ्या मागणीला तर पैसेही लागत नाहीत. ती यादी दसऱ्याच्या आधी लागावी, मुकादम गावात येण्यापूर्वी.