खोली कोणाच्या नावावर?

विट्याहून मुंबईला जायचं म्हणजे आधी कराड गाठायचं. आमच्या गावाला रेल्वे नाही. एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढा एक आधार. कराडहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी आणि त्याच रात्री तीच गाडी परत. लॉजचा खर्च नको म्हणून आम्ही शिक्षक मंडळी असंच जातो. मधल्या बारा तासांत काम उरकायचं. या हिवाळ्यात काम होतं ते एका बैठकीचं. त्यासाठी बारा माणसं बसतील अशी एक खोली दोन-अडीच तास हवी होती. गोष्ट एवढीशी, पण ती मिळवताना जे समजलं ते लिहून ठेवावंसं वाटतं.

आधी काम सांगते. आमची मुलं घरी दखनी बोलतात, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी. पण गणितातला 'रकबा' आणि 'क्षेत्रफळ' एकच, हे त्यांना कुणी सांगत नाही. पुढे मराठी माध्यमाच्या कॉलेजात गेली की हुशार पोरंही गप्प बसतात. म्हणून आम्ही सातजणांनी, पाच बाया आणि दोन सर, शाळेतल्या विषयांचा उर्दू-मराठी शब्दसंग्रह तयार केला. छापायला पैसे नाहीत. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. अशा दोन कंपन्यांचे अधिकारी आमचं ऐकायला तयार झाले. दोन्ही ऑफिसं वांद्रे-कुर्ला संकुलात. एकीच्या ऑफिसात दुसरीला कसं बोलावणार? म्हणून वेगळी खोली.

पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, आपल्या कौमचा हॉल असताना पैसे कशाला घालवायचे? बरोबरच होतं. मी एका ट्रस्टला फोन लावला. पलीकडच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "काम नेक आहे. पण जिम्मेदार कोण?"

"मीच," मी म्हटलं.

"तसं नाही, कुणा मर्दाशी बोलणं करून द्या. मग कमिटीला विचारून सांगतो."

आमच्यातल्या एका सरांना फोन करायला सांगितलं असतं तर हॉल मिळालाही असता. मी सांगितलं नाही. कमिटीचं उत्तर अजून यायचंय.

नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान आहे. यशवंतराव आमच्या शेजारच्या देवराष्ट्रेचे, त्यामुळे तिथं जायला मन ओढ घेतं. पण आम्हाला हव्या होत्या बारा खुर्च्या, आणि पाहुणे होते वांद्र्याच्या बाजूला. ज्याच्याकडे मागायला जायचं, त्याला कामाच्या दिवशी तासभर टॅक्सीत बसवायचं, हे शहाणपण नव्हे. दक्षिण मुंबईवरचा ऑफिसांचा भार हलका व्हावा म्हणून एमएमआरडीएने वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं. आज सेबी आणि राष्ट्रीय शेअर बाजार तिथं आहेत. पूर्वी सीएसएमटीहून तिथं जायचं म्हणजे लोकल आणि वर बस नाहीतर रिक्षा. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 सीएसएमटीवरून थेट जाते. म्हणून ठरवलं, तिथंच ताशी भाड्याची खोली घ्यायची.

मोबाइलवर एक खोली मोकळी दिसली. खात्री करायला फोन केला. कंपनीचं नाव विचारलं. कंपनी नाही, शिक्षकांचा गट आहे, म्हटलं. जीएसटी नंबर? नाही. मग माझं नाव विचारलं. सांगितलं. थोडा वेळ गेला आणि प्रश्न आला, "प्रोग्राम रिलिजियस तर नाही ना?" मी म्हटलं, शब्दसंग्रह आहे. तासाभराने निरोप आला, स्लॉट भरला. मोबाइलवर तीच खोली, तीच वेळ अजून मोकळी दिसत होती.

आमच्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. आमच्या गल्लीतले एक काका त्याच धंद्यात झवेरी बाजारात असतात. त्यांच्या कानावर घातलं. "बाई, एवढंच ना? माझ्या फर्मच्या नावावर करतो," म्हणाले. दहा मिनिटांत तीच खोली मिळाली. काकांनी जीव लावून मदत केली, त्यांचे उपकार आहेतच.

पण खोली नाकारली ती नंबर नव्हता म्हणून, की नाव ऐकून? मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून आरोप करत नाही. एवढं मात्र खरं की जीएसटी नंबर नसलेल्याला खोली देऊ नये, असा कायदा नाही. भाड्यावर 18 टक्के कर लागतो तो लागतोच. नंबर नसेल तर त्या कराची वजावट आपल्याला मिळत नाही, बस. अडचण खरंच नंबराची असती तर ती तिथल्या तिथं सांगून टाकता आली असती.

मला जास्त टोचलं ते वेगळंच. आपल्या ट्रस्टने विचारलं, तुमच्यामागे मर्द कोण? त्या ऑफिसने विचारलं, तुमच्यामागे कंपनी कोण? दोघांनाही माझ्याशी व्यवहार करायचा नव्हता. दुसऱ्या प्रश्नावर आपण लगेच लेख लिहितो, आणि लिहावाच. पहिल्यावर मात्र "रिवाज आहे" म्हणून पुढे जातो.

बैठक गुरुवारी घेतली, शुक्रवारी जुमा असतो म्हणून. आमच्यासारख्या नवख्यांसाठी काही गोष्टी सांगते. 'बारा जणांची खोली' म्हणजे भिंतीला चिकटून बारा. जागा सुटसुटीत हवी तर मोठी घ्या. पडद्याला लॅपटॉप जोडायला वेळ जातो, तो भाड्यातच मोजतात, म्हणून अर्धा तास जास्त घ्या. कर वेगळा आहे का, रद्द केलं तर पैसे परत मिळतात का, बाहेरचं खाणं चालतं का, हे आधी विचारा. गेटवर प्रत्येकाचं ओळखपत्र बघतात. आमच्या एक मॅडम आधार कार्ड घरी विसरल्या होत्या, त्यांच्यासाठी वीस मिनिटं खाली थांबलो. पाहुणे गेल्यावर उरलेल्या वेळात त्याच खोलीत आम्ही आळीपाळीने जोहरची नमाज पढलो. कुणी काही म्हटलं नाही.

बैठक चांगली झाली. शब्दसंग्रह दोघांनाही आवडला. मग पहिलाच प्रश्न आला, "तुमची संस्था रजिस्टर्ड आहे का?" नाही. तर मग कंपनीला आम्हाला पैसे देता येत नाहीत. एप्रिल 2021 पासून असं काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-1 नावाची नोंदणी लागते. आयकरातल्या 12ए आणि 80जी नोंदण्या लागतात, आणि साधारणपणे तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तोवर दुसऱ्या नोंदलेल्या संस्थेमार्फत करा, असं त्यांनी सुचवलं. म्हणजे खोली काकांच्या नावावर आणि पुस्तक आणखी कुणाच्या नावावर. काम आमचं, नाव कुठंच नाही.

परतीच्या गाडीत आम्ही यावरच बोलत होतो. 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला सात माणसं लागतात. आम्ही नेमके सात आहोत. इतकी वर्षं काम केलं आणि हे सुचलंच नाही, कारण कुठल्या तरी हॉलची चावी कुणीतरी मेहरबानीने देईल, यावर आपला भरवसा. फुकटच्या जागेत मेहरबानी असते, भाड्याच्या जागेत पावती. पावतीवर आपलं नाव असतं आणि पुढच्या वेळी ती दाखवता येते. खोलीचं भाडं आम्ही सातजणांनी वाटून भरलं, पण पावती काकांच्या फर्मची. ती माझ्या फाइलमध्ये आहे, आमच्या काही उपयोगाची नाही.

म्हणून दोन मागण्या. आपल्या ट्रस्टवाल्यांना माझी विनंती आहे, हॉलच्या दारावर दर लावा, वेळा लावा आणि एक रजिस्टर ठेवा. जो पैसे भरेल आणि नियम पाळेल, त्याचं किंवा तिचं नाव त्यात लिहा. आमच्यासारख्या लहान गटांना सांगणं आहे, आधी नोंदणी करा, बँकेत खातं काढा, मग मुंबईची गाडी पकडा.

आमचे कागद सांगलीला द्यायची तयारी चालली आहे. परवा स्टाफरूममध्ये एकजण म्हणाले, "अध्यक्ष एखादे सर असू द्या, बरं दिसतं." बोलणारे आमच्या सातांपैकीच होते. मी फॉर्म पुढे ओढला आणि त्या जागी माझं नाव लिहिलं. पुढची खोली त्याच नावावर घ्यायची आहे.